पाठीवरचं आलुबुखार

लिपोवो गावच्या दवाखान्यात डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. बाकीचे दिवस स्तानियाचे. दोन खोल्या, लाकडाची एक शेगडी, काचेचं एक कपाट आणि कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. पोट आणि छाती घेऊन माणसं डॉक्टरकडे जात, पण कातडीचं काही असलं की नर्सची वाट धरत. डॉक्टर पडला शहरातला. गोठ्यातल्या वासरामुळे माणसाच्या मानेवर नायटा उठतो हे त्याला पुस्तकातून माहीत होतं, स्तानियाला वासराच्या नावासकट माहीत होतं.

तिची रीत ठरलेली. आधी उजेडाकडे नेऊन बघायचं, मग विचारायचं, मग बोलणी द्यायची.

"खाज कधी येते? अंथरुणात शिरलं की?"

"हो."

"बोटांच्या बेचक्यात? मनगटावर? घरात आणखी कुणाला?"

"नवऱ्याला आहे थोडी. सासूबाईंना नाही."

"खरूज आहे ही. मलम घरातल्या सगळ्यांनी लावायचं. एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत. चादरी, कपडे उकळायचे."

"पण सासूबाईंना खाज येत नाही, सिस्टर."

"म्हणून तर आजच लावायचं. यायला लागल्यावर त्या तुझं नाव घेतील आणि तू माझं."

आमच्याकडे राकिया, म्हणजे आलुबुखाराची कडक दारू, हे प्यायचंही औषध आणि लावायचंही. दूध काढणाऱ्या बायकांचे हात इसबानं फुटलेले असत, भेगांतून पाणी येई, आणि त्यावर त्या रोज सकाळी राकिया ओतत. चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय, अशी त्यांची पक्की समजूत. स्तानिया त्यांचे हात कोमट पाण्यात धुई, फडक्यानं नुसते टिपून घेई आणि बिनमिठाची चरबी लावून वर सुती मोजे चढवी. "राकिया नवऱ्याला पाजा," ती म्हणे, "तो तरी गप्प बसेल."

पायाला धावरं झालं, म्हणजे आमच्या भाषेत लाल वारा लागला, की म्हाताऱ्या लाल फडकं पांघरून मंत्र म्हणायच्या. स्तानियानं कधी त्यांच्याशी भांडण केलं नाही. तिच्या एप्रनच्या खिशात जांभळ्या शाईची एक पक्की पेन्सिल असे. ती पाण्यात बुडवून, लाली जिथं संपते तिथं ती पायावर कडेनं रेघ ओढायची. "आता म्हणा मंत्र. पण संध्याकाळपर्यंत लाली रेघेबाहेर गेली, नाहीतर थंडी वाजून ताप चढला, तर मंत्र तिथंच सोडायचा आणि याला घेऊन चाचकला, मोठ्या इस्पितळात." त्या रेघेनं निदान तिघांचे पाय वाचले, आणि एकाचा जीव.

तिळांसाठी तिची वेगळी युक्ती होती. नर्सिंगच्या शाळेत एका म्हाताऱ्या डॉक्टरनं शिकवलं होतं की तीळ बघून काही कळत नाही, तो बदलतोय का ते बघायचं. एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याहून वेगळा दिसतोय का, कडा फाटल्यासारख्या झाल्यात का, एकात दोन-तीन रंग आलेत का, वाढतोय का. शंका आली की स्तानिया सिगारेट वळायचा पातळ कागद त्या तिळावर धरायची, पेन्सिलीनं त्याची आकृती उतरवून घ्यायची, खाली नाव नि तारीख घालायची आणि कागद डब्यात ठेवायची. तीन महिन्यांनी माणसाला बोलावून तोच कागद परत तिळावर. तीळ कागदाबाहेर डोकावला की चाचक. लोक हसायचे. "सिस्टर आमच्या पाठीचे नकाशे काढते," म्हणायचे. पण यायचे.

त्या डब्यात गावातले दीडशेवर कागद होते. तिच्या सख्ख्या भावाचा नव्हता.

रादिशा तिच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली जन्मापासून एक डाग होता, जांभळट काळा, लांबोळा, आलुबुखाराच्या बीएवढा. तो कुठून आला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कृनिया, म्हणजे त्यांची आई, पोटुशी असताना तिला आलुबुखाराचे डोहाळे लागले. त्या वर्षी त्यांची झाडं गारपिटीनं झोडपली होती आणि शेजारच्या दरिंकाच्या कुंपणाशी एक झाड लगडलेलं. दरिंकाच्या सासूकडे मागायची सोय नव्हती. ती बाई सरपटणाऱ्या मुंगीवरसुद्धा हक्क सांगायची. कृनियानं कुंपणातून हात घालून एक तोडलं, तेवढ्यात ओसरीवर दार वाजलं, तिनं दचकून हात पाठीमागे नेला. आता आमच्याकडे लहान मूलही सांगेल की पोटुशी बाई चोरून फळ घेते आणि जिथं अंगाला हात लावते, त्याच जागी बाळाच्या अंगावर ते फळ उमटतं.

आणि एवढ्यावर गोष्ट संपत नाही. अंगावर उमटलेलं फळ झाडावरच्या फळाबरोबर पिकतं, असंही आमच्याकडे मानतात. जून आला की स्ट्रॉबेरीवाल्यांची स्ट्रॉबेरी लाल होते, सप्टेंबरात आलुबुखारवाल्यांचं आलुबुखार गडद होतं. हंगाम सरला की फिकं पडतं. रादिशा लहान असताना दर सप्टेंबरात त्याचा सदरा वर करून घरादाराला त्याची पाठ दाखवायची, हा त्यांच्या घरचा सोहळाच होता. बाप म्हणायचा, "पाठ सांगते, झाडावरची पोझेगाचा आलुबुखारं तयार झाली. काढा काठ्या." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आलुबुखारं झोडपायला सुरुवात व्हायची. स्तानिया तेव्हा दहा-अकरा वर्षांची. भावाच्या पाठीवर बोट फिरवत ती म्हणायची, "याच्यात बी पण आहे." तो गुदगुल्यांनी लोळायचा.

स्तानियाचं लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, मग नाही ठरलं, आणि तिनं ते फारसं मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणते. ती आईबरोबर जुन्या घरात राहायची. अंगणापलीकडे नवं घर, तिथं रादिशा आणि त्याची बायको विदोसावा. त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे चार माणसांचं एकच कुटुंब, एकच बाग, एकच राकियाची भट्टी. रादिशा सरळ, गोड, थोडा आळशी. तो बहिणीला "मॅडम" म्हणून चिडवायचा. "मॅडम, माझा कोपर तपासा, काल ग्लास उचलताना दुखला."

तो त्र्याऐंशीचा सप्टेंबर होता. उन्हं कडक. रादिशा कंबरेपर्यंत उघडा, हातात लांब आकडीची काठी, झाडं झोडपत होता. विदोसावा शिडीवर, वरच्या फांद्यांत. खाली ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडेला बाकावर आई बसलेली, पुढ्यात टोपली, सडकं-किडकं वेगळं काढत. स्तानिया दवाखान्यातून सरळ बागेत आली होती, एप्रन तसाच अंगावर.

रादिशा पाणी प्यायला वाकला आणि तिला त्याची पाठ दिसली.

डाग मोठा झाला होता. खालची कड एका बाजूनं पसरून बाहेर आलेली, नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. मधला भाग काळाभोर, वरच्या टोकाला तपकिरी. एखाद्या शेतकऱ्याच्या पाठीवर तिनं हे पाहिलं असतं तर त्याला त्याच आठवड्यात बसमध्ये बसवलं असतं, तिकीट स्वतः काढून.

"रादिशा, थांब जरा. हलू नकोस."

"काय झालं?"

"पाठ बघू दे."

तिनं खिशातून पेन्सिल काढली. दुसऱ्या खिशातून कागदांची घडी. एक कागद सुटा केला.

"हे काय चाललंय?" आई बाकावरून म्हणाली.

"माप घेते. वाढलाय हा."

आई हसली. "अगं, सप्टेंबर आहे. पिकणार नाही तर काय होणार? सगळ्यांना नकाशे काढून दमलीस वाटतं, आता भावाला धरलंस. मित्रोव्दानचा सण येईपर्यंत थांब, उतरेल सगळं. ठेव ती पेन्सिल आणि हात लाव इथं, ऊन उतरायला लागलंय."

"पिकलंय," रादिशा मान मागे वळवून म्हणाला, "म्हणजे या वर्षी राकिया बरी होणार."

शिडीवरून विदोसावा हसली. स्तानियाही हसली. आणि तिनं पेन्सिल परत खिशात ठेवली.

एवढंच झालं. गावात कुणाला सांगितलं तर कुणाला त्यात काही दिसणार नाही. तिला पुढं आयुष्यभर तेच दिसत राहिलं. तिनं पेन्सिल ठेवली ती आईवर विश्वास होता म्हणून नाही. फळं पिकून गडद होतात हे ती शाळेत शिकली नव्हती, पण बापाच्या खांद्यावर बसून शिकली होती, आणि ते शिक्षण आधीचं होतं. त्या पाठीकडे तिच्यातल्या नर्सनं पाहिलं, पण हसली ती दहा वर्षांची मुलगी.

मित्रोव्दान आठ नोव्हेंबरला आला. त्या दिवशी त्यांच्या घरचा संताचा सण, पाहुणे, मेणबत्ती, गहू, डुकराचं भाजणं. दुपारी भट्टी लावली. रादिशानं लोकरीचा बनियन, वर सदरा, वर मेंढीच्या कातड्याचं जाकीट घातलं होतं. पाठ बघायची आठवण स्तानियाला झाली होती, खरं सांगायचं तर दोनदा झाली. एकदा पाहुण्यांसमोर, तेव्हा ती म्हणाली, नंतर. आणि एकदा डिसेंबरात, तेव्हा गावात गोवर आला होता आणि ती रोज आठ घरं फिरत होती. मग हिवाळा पडला. हिवाळ्यात लिपोवोत कुणाची पाठ कुणाला दिसत नाही.

ऑगस्टात विदोसावा दवाखान्यात आली, हातात रादिशाचा सदरा. पाठीवर रक्ताचा डाग, नाण्याएवढा.

"काठीनं खरचटलं म्हणतो. पण तिसऱ्यांदा झालंय, स्ताना. वाळतच नाही. मी राकिया लावली."

स्तानियानं सदरा हातात घेतला. मग एप्रनही न काढता ती घरी गेली. रादिशा ओसरीवर दोऱ्या वळत बसला होता. तिनं त्याचा सदरा वर केला आणि वाकून पाठ बघितली.

"मॅडम? किती दिवस उरलेत?" तो गमतीनं म्हणाला.

ती पाठीमागे होती म्हणून त्याला तिचा चेहरा दिसला नाही. तिनं हात त्याच्या काखेत घातला. तिथं एक गाठ होती, कठीण, न दुखणारी.

"उद्या सकाळची बस," ती म्हणाली. "चाचकला. मी येते बरोबर."

"उद्या ट्रॅक्टरचं—"

"उद्या, रादिशा."

तिचा आवाज ऐकून त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

चाचकहून त्यांना बेलग्रेडला पाठवलं. डाग कापला, काखेतल्या गाठी कापल्या, मग फुप्फुसातही रोग दिसला. तिथल्या डॉक्टरनं स्तानियाला बाजूला घेतलं. तो तरुण होता, झोप न झालेला, आणि आपल्याच धंद्यातली बाई म्हणून तिच्याशी मोकळेपणानं बोलला. "एक वर्षापूर्वी आला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं, सिस्टर. जागा बधिर करायची, काढायचं, टाके घालायचे. चालत घरी गेला असता." त्याला माहीत नव्हतं तो कुणाशी बोलतोय. स्तानिया म्हणाली, "हो, माहीत आहे." ती बाहेर येऊन जिन्यावर बसली आणि एका अनोळखी बाईनं तिला रुमाल दिला.

रादिशा मे महिन्यात गेला, घरीच, आलुबुखाराचा मोहोर नुकता गळून गेला होता तेव्हा. शेवटी शेवटी त्याला बोलवत नव्हतं, पण स्तानिया इंजेक्शन द्यायला वाकली की तो ओठ हलवायचा. "मॅडम" म्हणत असावा. तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

आई रडली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नवरा पुरला, दोन भाऊ पुरले, सगळ्यांना आक्रोश करून पुरलं. मुलाच्या मातीला ती गप्प राहिली. बायकांनी तिला धरून थडग्यापाशी नेलं, शोक म्हणायची तिची पाळी आली, आणि तिनं तोंड उघडून मिटलं. तेव्हाच विदोसावाला कळलं असावं की काहीतरी बिघडलंय.

जूनपासून आईनं जॅम खायचं सोडलं. मग सुकी आलुबुखारं. मग चर्चमध्ये जाऊन प्रसाद घेणं सोडलं. आणि सप्टेंबरात, जेव्हा विदोसावानं दोन मजूर लावून आलुबुखारं झोडपायला घेतली, तेव्हा आई काठी टेकत बागेतून सरळ कुंपणापाशी गेली आणि कुंपण ओलांडून दरिंकाच्या ओसरीवर. स्तानिया मागून धावली.

दरिंकाही आता म्हातारी, मोतीबिंदू झालेली. शेंगा सोलत बसली होती.

"दरिंका, मी तुमच्या झाडाचं आलुबुखार चोरलं होतं. अडतीस सालात. माफी मागायला आलेय."

दरिंकानं शेंगा खाली ठेवल्या. "कोणतं झाड? ते कुंपणाजवळचं?"

"ते."

"अगं कृनिया, त्या झाडाचं अर्ध्या गावानं खाल्लं. मी स्वतः सासूची नजर चुकवून खायचे. माझ्या पोरांच्या अंगावर कुठं काय उमटलं?"

"तुझी हक्काची बाग होती. माझी नव्हती."

"बरं, माफ केलं. शंभरदा माफ केलं. बस, कॉफी टाकते."

"तू माफ केलंस गं," आई उठत म्हणाली, "पण वरच्या देवानं केलं नाही. एका आलुबुखारासाठी पोरगा घेतला."

दरिंका आंधळ्या डोळ्यांनी स्तानियाकडे बघत राहिली. घरी परतताना आई झाडांकडे बघून म्हणाली, "ही सगळी तोडून टाका." आणि त्या दिवसापासून ती दोन घासांवर आली. हात काटक्यांसारखे झाले. डॉक्टरनं मंगळवारी तिला तपासलं, हृदय ठीक, पोट ठीक. "जेवा हो आजी," एवढंच म्हणाला. स्तानियाला समजलं की याला औषध एकच आहे, आणि ते तिच्याकडेच आहे, आणि ते देण्याची तिला भीती वाटते.

ऑक्टोबरातली एक दुपार होती. अंगणात विदोसावा तांब्याच्या कढईत जॅम ढवळत होती, त्याचा वास घरभर. आई खिडकीशी बसली होती, तोंड भिंतीकडे वळवून. स्तानियानं खुर्ची ओढली आणि तिचे हात हातात घेतले.

"आई, आलुबुखारानं काही झालं नाही त्याला."

"तू शिकलेली आहेस. तू असंच म्हणणार."

"ऐक. तो तीळ होता. जन्मापासूनचा तीळ. हजारो माणसांना असतो, कुणाच्या आईनं काही चोरलेलं नसतं. त्यातला एखादा कधीतरी बिघडतो. फळ पिकतं म्हणून तो गडद होत नाही. रोग होतो म्हणून होतो. वेळेवर काढला तर माणूस ऐंशी वर्षं जगतो."

आईनं मान वळवली.

"मग वेळेवर का नाही काढला?"

हा प्रश्न येणार हे स्तानियाला माहीत होतं. त्याचं उत्तर तिनं बेलग्रेडच्या जिन्यावर दिलं होतं, बसमध्ये दिलं होतं, दवाखान्यात एकटी असताना कपाटाच्या काचेला दिलं होतं.

"मला दिसला होता तो. आधीच्या वर्षी, आलुबुखारं झोडपताना. वाढला होता, कड फाटली होती. मला कळायला हवं होतं, कळलंही होतं. पेन्सिल माझ्या हातात होती आई. कागद काढला होता. मी परत खिशात ठेवली."

"का?"

बाहेर विदोसावानं लाकडं पुढं सारली. आईचे डोळे स्तानियाच्या चेहऱ्यावरून सरकले आणि कुठंतरी लांब गेले. म्हातारीची स्मरणशक्ती पक्की होती. गावात कोणाचं लग्न कोणत्या वारी झालं ते तिला विचारायचे. ती त्या दुपारी शिरली होती आणि एकेक करून सगळं बघत होती, ताडपत्री, शिडी, टोपली.

"मी होते ना तिथं?" आई म्हणाली. "बाकावर?"

"नाही."

"मी काहीतरी बोलले तुला. पेन्सिलीवरून."

"नाही आई. तू घरात होतीस. मक्याची भाकरी भाजत होतीस. बागेत आम्ही तिघंच होतो."

"भाकरी?"

"हो. करपली होती त्या दिवशी, आठवत नाही? रादिशा चिडवत होता तुला. तू बागेत आलीसच नाहीस. मला घाई होती, काम पडलं होतं, म्हणून मी ठेवली. दुसरं कुणी काही म्हणालं नाही."

स्तानिया खोटं बोलायला कधी शिकली नव्हती. माणसाला खरूज आहे तर खरूज आहे म्हणायचं, गाठ आहे तर गाठ, हा तिचा जन्मभराचा धर्म. पण ती त्या दिवशी इतकं स्वच्छ बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं. करपलेली भाकरी तर तिला आयत्या वेळी सुचली.

हळूहळू आईनं आपले हात तिच्या हातांतून काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"पाणी दे," ती म्हणाली.

संध्याकाळी आईनं भाकरीवर चमचाभर नवा जॅम घेतला. विदोसावाला आनंद झाला, तिनं दुसरा चमचा घातला. आईनं तोही खाल्ला. पण "स्ताना, मीठ दे" असं ती म्हणाली नाही. मीठ तिनं विदोसावाकडे मागितलं, जरी ते स्तानियाच्या हाताशी होतं.

मित्रोव्दानच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे पितरांचा दिवस. सगळं गाव टेकडीवरच्या दफनभूमीत. प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती, उकडलेल्या गव्हाचं ताट, वाइन, पाव, आणि मेलेल्याच्या आवडीचं काहीतरी. विदोसावानं रादिशासाठी बाटलीभर राकिया आणली होती, आधल्या वर्षीची. वारं होतं, मेणबत्त्या विझत होत्या, माणसं टोपीच्या आडोशानं पुन्हा पेटवत होती. शेजारच्या थडग्यापाशी दरिंका नातवाच्या आधारानं उभी होती. पाद्री धूप फिरवून पुढं गेला.

मग आई थडग्याच्या दगडाला हात लावून गुडघ्यांवर बसली. आणि मे महिन्यात जे तिच्या तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. आमच्या बायका शोक म्हणतात तो सुरात असतो, गाण्याच्या आणि रडण्याच्या मध्ये कुठंतरी, आणि मोठ्यानं, कारण मेलेल्याला ऐकू जायला हवा. आजूबाजूच्या थडग्यांवरचं बोलणं थांबलं.

"रादिशा, माझ्या लेकरा, माझ्या घरच्या उजेडा. मी फळ चोरलं तुझ्यासाठी, त्याची मला शिक्षा झाली असं वाटलं रे. नाही, बाळा, तसं नव्हतं. दरिंकाचं देणं फिटलं. तुझ्या पाठीवर रोग होता आणि तो तुझ्या बहिणीनं पाहिला. सबंध गावाच्या पाठी बघणाऱ्या बहिणीनं पाहिला आणि पेन्सिल खिशात ठेवली. घाई होती तिला. आई घरात भाकरी भाजत होती, लेकरा. आई असती तर म्हणाली असती, बघ गं त्याच्याकडे नीट. आई नव्हती रे. माफ कर तिला. मला जमत नाही, तू कर."

दरिंकाचा नातू खाली बघत होता. स्तानियाच्या हातात काड्यापेटी होती, ती तिनं घट्ट धरून ठेवली होती. त्या सगळ्या माणसांचे कागद तिच्या डब्यात होते, आणि ती सगळी तिच्याकडे बघत होती.

विदोसावानं त्या दिवशी शिडीवरून सगळं ऐकलं होतं. ती एक पाऊल पुढं आली.

"आई, त्या दिवशी तुम्ही तर बाका—"

स्तानियानं तिच्या दंडावर हात ठेवला. नुसता ठेवला. विदोसावानं तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, जी दगडाला कपाळ टेकून आता मोकळेपणानं रडत होती, जशी ती सहा महिन्यांपूर्वी रडायला हवी होती.

"गहू वाढ सगळ्यांना," स्तानिया हळूच म्हणाली. "थंड होतायत."

विदोसावानं ताट उचललं आणि माणसांमधून फिरायला लागली. एकेकानं चमचाभर गहू घेतला, छातीवर क्रूस काढला आणि रादिशाचं नाव घेतलं. वाऱ्यानं त्याची मेणबत्ती विझली होती. स्तानिया आईशेजारी वाकली, काडी ओढली, आणि हाताचा आडोसा करून ती पेटेपर्यंत तशीच बसून राहिली.